उजव्या सुकाणूच्या पोटातले पाणी

मी एक जुने सुकाणू आहे, आणि मला पाण्याची भीती वाटते. हसू नका मित्रांनो. बाहेरच्या पाण्याशी माझे काही वैर नाही. त्याला बाजूला सारून नाव वळवणे हाच तर माझा जन्माचा उद्योग. मला भीती वाटते ती आतल्या पाण्याची, जे कुणाला दिसत नाही आणि ज्याच्याबद्दल मला कुणाला सांगता येत नाही.

आधी माझी ओळख करून देते. माझी नाव कॅटमरान जातीची आहे, म्हणजे शेजारी शेजारी दोन अरुंद नावा, त्यांना जोडणारी मधली खोली, आणि त्यावर उंच शिडाची डोलकाठी. नावा दोन, म्हणून सुकाणूही दोन. उजवीकडे मी आणि डावीकडे माझे जुळे भावंड. वर चाक मात्र एकच. ते फिरले की आम्ही दोघे एकदम वळतो. चाकाशी उभ्या असलेल्या माणसांचे बोलणे दांड्यातून थरथरत माझ्यापर्यंत पोचते. म्हणून पाण्याखाली राहूनही मला नावेवरचे सगळे कळते.

माझा जन्म एका साचेवाल्याच्या शेडमध्ये झाला. त्याच्या भुवयांवर कायम पांढरी धूळ बसलेली असे, त्यामुळे तो तिशीतच म्हातारा दिसे. त्याने एका पोलादी दांड्याला तीन आडव्या फासळ्या वेल्डिंग करून जोडल्या. फायबरचे कापड आणि राळ यांचे थर देऊन माझ्या अंगाच्या दोन फाका केल्या, फासळ्या त्यांच्या मध्ये ठेवल्या, आत फोम भरला आणि फाका मिटवल्या. मी सुकल्यावर त्याने मला बोटाने वाजवले आणि तो बायकोला म्हणाला, "पोरगं खणखणीत आहे!" माझ्या वाट्याचे ते पहिले कौतुक.

एक गोष्ट मात्र त्याच्याही हातात नव्हती. दांडा पोलादाचा आणि अंग फायबरचे. उन्हाने दोघे वेगवेगळे फुगतात, गारव्याने वेगवेगळे आकसतात. दांडा जिथे अंगात शिरतो त्या गळ्याशी ही ओढाताण वर्षानुवर्षे चालते आणि एक दिवस तिथे केसाएवढी फट पडते. "दर दोन वर्षांनी गळा तपासा," असे त्याने पहिल्या मालकाला बजावले होते.

पहिला मालक घड्याळजी होता. डोळ्याला भिंग लावून बारीक कामे करणारा माणूस. तो ठरल्या वेळी मला तपासत असे, गळ्याशी नवी लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरत असे. अकरा वर्षे आम्ही सुखाने फिरलो. मग त्याचे गुडघे गेले. नाव धक्क्याला बांधली गेली ती सहा वर्षे तिथेच. माझ्या अंगावर शिंपल्यांचे थर चढले, दोरखंड हिरवे पडले. कधी कुणी धक्क्यावरून चालत गेले तर वाटायचे, आता कुणीतरी वाकून बघेल. कुणी वाकले नाही.

त्याच सहा वर्षांत फट पडली. पहिला थेंब आत आला तेव्हा मी मनाशी म्हटले, येऊ दे, एवढासा तर आहे. पण खारे पाणी एकदा आत शिरले की पाहुण्यासारखे निघून जात नाही मित्रांनो. ते फोम भिजवते, मग पोलादापर्यंत पोचते आणि तिथे बसून कुरतडते. मला माझ्या फासळ्यांचा गंज चाखता येत होता. पुढच्या वेळी कुणी चाक फिरवेल तेव्हा मी वळेन का, हा प्रश्न मला रोज पडे, आणि कुणी चाक फिरवूच नये असे वाटू लागे.

पण चाक फिरवणारे आले. घड्याळजीचे दात ज्या डॉक्टरीणबाई बघत, त्यांनाच त्याने नाव देऊन टाकली. "माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही हलक्या हाताच्या आहात, सांभाळाल," एवढेच तो म्हणाला.

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे आता आपल्या गोष्टीतली आई. बाबा शहरातली बस चालवत. "बस आणि नाव यात फरक एवढाच, की नावेला ब्रेक नसतो," असे ते हसत म्हणत. त्यांच्याबरोबर बाबांची आई होती, जिने चाळीस वर्षे शिवणकाम केले होते आणि आता फाटकी शिडे शिवत होती. आणि होती तेरा वर्षांची मुलगी. कसला वास आला, कुठे काही करकरले, की ती आधी ओरडायची, म्हणून बाबांनी तिचे नाव टिटवी ठेवले होते.

दोन उन्हाळे आम्ही जवळच्या जवळ फिरलो. बाबा चाक फिरवून म्हणत, "काय लोण्यासारखं वळतंय!" मित्रांनो, कौतुकाने अंगावर काटा येतो हे मला तेव्हा कळले. वरची फासळी आतून निम्मी खाल्ली गेली होती. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण सुकाणूला तोंड नसते.

तिसऱ्या उन्हाळ्यात मुख्य किनाऱ्यापासून दिवसभराच्या अंतरावर असलेल्या एका बेटाजवळ आम्ही नांगर टाकला होता. टिटवी डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात उतरली आणि पत्र्याच्या उलथन्याने माझ्यावरचे शेवाळ खरवडू लागली. अचानक तिचा हात थांबला. माझ्या गळ्यापासून खाली चहाच्या डागासारखा एक तपकिरी ओघळ आला होता. तिने त्यावर बोट फिरवले. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होते.

वर जाऊन ती म्हणाली, "बाबा, उजव्या सुकाणूतून तपकिरी पाणी येतंय. गंज आहे."

"शेवाळ असेल गं."

"शेवाळ हिरवं असतं. तू बघ ना खाली येऊन."

बाबा उतरले. त्यांनी फडक्याने ओघळ पुसला आणि वर येऊन म्हणाले, "गेला बघ. आता काही नाही."

"पुसल्यावर जाणारच ना!" टिटवी म्हणाली.

"अरे, तिला दिसलंय तर नीट बघू या," आई म्हणाली. "उद्या निघायची घाई काय आहे?"

"परवा माझी ड्यूटी आहे. घरी पोचलो की बघू. ही आमची टिटवी म्हणजे सदा ओरडा!"

शीड शिवत बसलेली आजी मान वर न करता म्हणाली, "टिटवी उगाच ओरडत नाही रे. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात."

बाबा हसले. टिटवी गप्प झाली आणि त्या दिवशी पुन्हा काही बोलली नाही. तिचे ते गप्प होणे मला फार भिववून गेले, कारण माझ्या वतीने बोलणारे तेवढे एकच माणूस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दुपारपर्यंत वारा ठीक होता. किनारा दिसू लागला तसा तो वाढला आणि मागून लाटा येऊ लागल्या. बंदरात शिरायची वाट अरुंद होती. एका बाजूला दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला पाण्यातून डोके काढणारे काळे खडक. बाबांनी चाक डावीकडे वळवले. माझा दांडा वळला. वरची फासळी कट्‌कन तुटली.

मला वाटले, अजून दोन आहेत, धरून ठेव. पुढच्या लाटेने मागून धक्का दिला आणि मधली गेली. तिचे तुटलेले टोक माझ्या आतल्या अंगात रुतले आणि मी उजवीकडे वाकून अडकले. दांडा एका दिशेला, मी दुसऱ्या दिशेला. डावीकडचे माझे भावंड नावेला एकीकडे ओढत होते आणि मी, ज्याने आयुष्यभर तिला वाट दाखवली ते मी, तिला खडकांकडे नेत होते.

"वळत का नाहीये?" बाबांचा आवाज दांड्यातून आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यात हसू नव्हते.

"शीड उतरवा!" आई ओरडली. तिने आणि आजीने दोर सोडले. शीड धडधडत खाली आले आणि आजीने दोन्ही हातांनी ते पोटाशी आवळून धरले.

टिटवी कुणाला न विचारता मागच्या पायरीवर पालथी पडली आणि पाण्यात बघू लागली. आईने धावत जाऊन तिच्या जीवरक्षक जॅकेटचा पट्टा पकडला.

"बाबा! उजवं सुकाणू उजवीकडे अडकलंय! चाकानं काही होणार नाही!"

नावेला दोन इंजिने होती, दोन्ही बाजूंना एकेक. बाबांनी चाक मधोमध आणून सोडून दिले आणि दोन्ही इंजिनांचे दांडे हातात घेतले. उजवे इंजिन जोरात पुढे, डावे बंद. नाव कुरकुरत डावीकडे वळू लागली. खडक एका बसच्या लांबीवर होते. इतक्यात लाट आली, मी सुटले आणि गर्रकन उलट्या बाजूला फिरले.

"सुटलं! आता डावीकडे गेलं!" टिटवी किंचाळली. तिच्या तोंडावर पाणी उडत होते. "बाबा, उलट कर! उलट!"

बाबांनी उलट केले. आता ते मागे वळूनही बघत नव्हते, फक्त ती सांगेल तसे करत होते. "डावीकडे!" "सरळ झालं!" "पुन्हा उजवीकडे!" मित्रांनो, मी मुद्दाम काही करत नव्हते. मी एका फासळीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर लोंबकळत होते आणि तोही तुटला तर पाण्यातल्या इंजिनाच्या पंख्यावर आदळून इंजिनही बंद पाडीन, या भीतीने अर्धमेले झाले होते. तळाशी काहीतरी घासले. खडकाने माझा बशीएवढा कोपरा उडवला. आईने डोळे मिटले, पण पट्टा सोडला नाही.

आणि मग पाणी एकदम शांत झाले. आम्ही बांधाच्या आत होतो.

नाव धक्क्याला बांधली. टिटवीला जॅकेटचा बंद सोडता येईना. बाबांनी तो सोडला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"तू सांगितलं होतंस," ते म्हणाले. "मी पुसून टाकलं. चुकलं माझं."

ती म्हणाली, "बाबा, मला वाटलं आपण मरणार." आणि इतका वेळ अडवलेले रडू आले.

आठवड्याभराने नाव गोदीत उचलून ठेवली. दांडा लांब आणि तो खाली ओढूनच निघतो, म्हणून मला काढायला खाली खड्डा खणावा लागला. मला दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले. गोदीचा मुकादम येऊन म्हणाला, "हे टाकून द्या साहेब. गेलेलं आहे." हे ऐकून मी थिजून गेले. अडगळीत उभी केलेली तुटकी सुकाणू समोरच दिसत होती. त्यांच्यात कोंबड्या बसत.

"तोंड उघडून बघितल्याशिवाय मी दात उपटत नाही," आई म्हणाली.

तिने छोट्या हातोडीच्या दांड्याने मला इंचाइंचावर वाजवले. कुठे टणटण, कुठे भदभद. भदभद येई तिथे टिटवी खडूने खूण करी. थोड्याच वेळात माझे निम्मे अंग पांढरे झाले. मग बाबांनी ड्रिल लावले. भोकातून तपकिरी पाण्याची चिळकांडी उडाली आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. आजीने नाकाला पदर लावला. "बाई बाई, एवढं पोटात ठेवून हे चालत होतं?"

पुढे ग्राइंडर आला. त्याचा आवाज ऐकून मला वाटले, आता संपले. बाबांनी चष्मा, मुखपट्टी, हातमोजे घातले, तरी दिवसभर खाजकुयली लागल्यासारखे खाजवत राहिले. त्यांनी माझ्या एका बाजूचे कातडे खिडकीसारखे कापून काढले आणि ओला फोम खरवडला. तिन्ही फासळ्या उघड्या पडल्या. दोन तुटलेल्या. तिसरी नखाएवढ्या धातूवर उभी होती.

आईने तिच्यावर बोट ठेवले. फासळी खाली पडली.

बाबा बाहेर जाऊन उलट्या बादलीवर बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

वेल्डर आला. त्याने गंज घासून काढला आणि आधीपेक्षा जाड फासळ्या जोडल्या. "ताई, आता हत्ती बांधा याला," तो म्हणाला. आगीच्या ठिणग्या अंगाजवळ उडत होत्या तेव्हा मी भीतीने काळवंडले, आणि खरेच एका कोपऱ्यात थोडे काळे झाले. बाबांनी तो भाग नंतर कापून टाकला.

आता मला भरून टाकायचे, एवढेच राहिले असे बाबांना वाटत होते. आई म्हणाली, "ओल्या दातात सिमेंट भरलं तर तो आतून कुजतो. आधी सुकू दे." त्यांनी ताडपत्रीचा तंबू करून आत दिवा लावून ठेवला. घरचा वजनकाटा आणून मला रोज त्यावर उभे करत आणि टिटवी भिंतीवर खडूने आकडा लिही. पहिल्या दिवशी साडेतेवीस किलो. आठव्या दिवशी बावीस. बाबा म्हणाले, "बास ना आता?" आई म्हणाली, "कमी होतंय तोवर आत पाणी आहे." एकोणिसाव्या दिवशी आकडा एकवीसवर थांबला आणि पुढचे तीन दिवस हलला नाही. तेव्हा कुठे तिने मान हलवली.

राळ कालवायच्या दिवशी नवीच धांदल उडाली. बाबांनी उत्साहाच्या भरात एकदम भांडेभर राळ घेऊन त्यात ती घट्ट करणारा हार्डनर ओतला. एवढ्या ढिगाला आपोआप उष्णता चढते हे त्यांना माहीत नव्हते. भांडे तापले, धूर निघू लागला. "टाक, टाक बाहेर!" सगळे एकदम ओरडले. बाबांनी ते वाळूत फेकले. तिथे ते दगड होऊन बसले. "आमटी करपली," आजी म्हणाली, आणि खडकांच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा सगळे हसले. त्यानंतर वाटी वाटीने कालवायचे ठरले.

कापड मात्र आजीने कुणाला कापू दिले नाही. "उभ्या धाग्यावर कापलंत तर कडेला सुरकुती पडेल. तिरकं कापा, म्हणजे अंगाला बसतं. बाही शिवताना काय करतो?" तिने सात थर कापले, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन बोटे मोठा. बाबा राळ लावत, टिटवी रोलरने हवेचे बुडबुडे काढी, आई गळ्याशी वाकून फट भरत होती. तिचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की तिचा श्वास मला लागत होता. मग पॉलिश पेपर, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर, आणि शेवटी रंग. माझा उडालेला कोपराही त्यांनी नवा घडवला. तो किंचित जाड झाला आहे, पण मी तक्रार करत नाही.

इतके होईपर्यंत डावीकडचे माझे भावंड नावेलाच लटकत होते. आईने ते सगळीकडे वाजवून पाहिले. प्रत्येक ठिकाणी टणटण.

"हे ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "परवा नाव पाण्यात सोडू या."

टिटवी हातातला ब्रश पुन्हा पुन्हा पुसत राहिली. बाबांनी ते पाहिले.

"काय गं?"

"काही नाही. टणटण वाजतंय ना."

"तुला काय वाटतंय ते विचारतोय."

"मला भीती वाटते," ती हळूच म्हणाली. "उगाच असेल. पण वाटते."

बाबांनी कोपऱ्यातले फावडे उचलले आणि डाव्या बाजूला खड्डा खणायला सुरुवात केली. दोन दिवस गेले. भावंड खाली आले. तळाशी एक भोक पाडले आणि सगळे वाकून बघत राहिले. भोकातून कोरडा, पिवळा, स्वच्छ फोमचा भुसा पडला. पाण्याचा एक थेंबसुद्धा नाही.

टिटवीचा चेहरा पडला. "सॉरी. फुकट खणायला लावलं तुला."

"फुकट कसं?" बाबा कपाळ पुसत म्हणाले. "परवापर्यंत नुसतं वाटत होतं. आता माहीत झालं." आईने भोक भरले, गळ्याशी नवी लांबी लावली आणि भावंड परत चढवले.

मग नाव पाण्यात गेली आणि एका सकाळी आम्ही त्याच अरुंद वाटेने बाहेर निघालो. मागून लाटा नव्हत्या, तरी खडक दिसताच मला धडकी भरली. नव्या फासळ्यांवर विश्वास ठेवायला वेळ लागतो. वर चाकाशी टिटवी होती. तिच्या हातांचा कंप दांड्यातून माझ्यापर्यंत येत होता, म्हणजे तीही घाबरली होती. तिने चाक वळवले. मी वळले. भावंडही वळले. खडक मागे पडले आणि वर कुणीतरी सुस्कारा सोडला.

मित्रांनो, नव्या फासळ्या घालून आता मला चार वर्षे झाली. मी अजून घाबरते. प्रत्येक लाटेला माझे अंग आकसते. पण दर हिवाळ्यात ही मंडळी मला खाली काढतात, वजन करतात, वाजवतात आणि गळा बघतात. माझ्यासारखी, न दिसता राबणारी कितीतरी मंडळी तुमच्याही घरात असतील. सायकलचा ब्रेक, जिन्याचा कठडा, गॅसची नळी. त्यांना तोंड नाही. अधूनमधून वाकून त्यांच्याकडे बघा, हात लावून बघा. आणि ज्यांना तोंड आहे, त्यांच्यापैकी कुणी हळूच म्हणाले, "मला भीती वाटते," तर हसण्याआधी एवढे विचारा: "कशाची?"